मोहनसिंगांचं काम आणि माझी दस्तार

२६ ऑक्टोबर १९४८, हिंगोली.
रोजनिशी दसऱ्यालाच धरणार होतो. शाई नव्हती. शाई मिळाली तर टाक मोडला. मग नरसीची जत्रा आठवली, तिकडंच चार दिवस गेले. निजाम गेला, नवं राज्य आलं, माझं पहिलं पान आज. असो. आता रोज.
सकाळी वाटेत तांड्याचे नाईक मोहनसिंग भेटले. तांड्यात पटकी आली, विहिरीत लाल दवा टाकायला डॉक्टर पाहिजे, म्हणून कचेरीला निघालेले. डोक्याला फाटका फेटा, पाय उघडे. मी अडवलं. म्हटलं, साहेबापुढं दस्तार, म्हणजे दरबारी पगडी बांधून, कमरेला बगलूसाचा पट्टा लावून जावं लागतं. असं गेलात तर शिपाई फाटकातूनच हाकलील. परत फिरा, मी सांगतो.
म्हणाले, "पोरगी उठून नाही राहिली, दादा. आजच सांगसाल ना?"
म्हटलं, आजच.

२७ ऑक्टोबर.
मामांची दस्तार पेटीतून काढली. कसर लागलेली. धुवून वाळत घातली. कमरेचा पट्टा दोस्त हरिचंदकडं, आणि हरिचंद सेनगावला.
उद्या मारुतीच्या पारावर जाहीर चर्चा आहे: सरकारी काम लवकर कसं व्हावं. शेवटी माझ्या लायकीचं काहीतरी. दिवसभर भाषण घोकलं.

२८ ऑक्टोबर.
सभा गाजवली. "गरिबाला एक दिवस थांबवणं म्हणजे खून" या वाक्याला टाळ्या. पुढं बसलेला एक बोडका माणूस, अंगात चुरगळलेला खादी सदरा, मधेच विचारून राहिला की आत्ता कुणाचं काम अडलंय, एक तरी नाव सांगा. दुकानातला कारकून असावा. त्याला बजावलं, इथं तत्त्वाची चर्चा चाललीय, मधे बोलू नका. बसला गुमान.
तांड्याचं उदाहरण शेवटी घेणार होतो. वेळ संपला.

२९ ऑक्टोबर.
हरिचंद आला, पट्टा मिळाला. पण शुक्रवार, कचेरी बंद. निवांत झोपलो.
संध्याकाळी हरिचंद म्हणाला, आता सुट्टी रविवारची असते, येड्या. सरकारनं आधी सांगायला नको?

३० ऑक्टोबर.
दस्तार, बगलूस, सगळं बराबर करून गेलो. शिपायानं विचारलं, नाटक कुठं आहे? म्हणाला, ते सगळं बंद झालं, आता कुणीबी सरळ आत जातं.
खुर्चीत तोच बोडका. नवे तहसीलदार म्हणे. मी तांड्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, कधी कळलं? म्हटलं, आत्ताच. ते जागेवरूनच उठले, डॉक्टरला घेऊन मोटारीनं गेलेसुद्धा.
माझ्या भाषणाचा एवढा परिणाम होईल असं वाटलं नव्हतं.

३१ ऑक्टोबर.
मामा तांड्याकडून आले. विहिरीत दवा पडली. मोहनसिंगांची पोरगी गुरुवारीच गेली, माझी सभा चालू होती तेव्हा. फेटा तिला गुंडाळायला गेला म्हणे. आणखी तीन माणसं गेली. वाईट झालं. सरकार उशिरा पोचलं, पुढच्या सभेत यावर बोललंच पाहिजे.
मामा जेवले नाहीत.

त्याच दिवशी, दुपारी.
बाहेर मोटार थांबली. खिडकीतून पाहिलं. तहसीलदार, आणि सोबत मोहनसिंग. दोघंही बोडके. मामा माझ्या नावानं हाका मारताहेत.
दस्तार कुठं ठेवली, सापडून नाही राहिली.