सिंकखालचा मग

९ ऑक्टोबर, बुधवार
मार्लीनचा निळा मग सापडेना. सिंकखाली, ब्लीचच्या बाटलीशेजारी — ठरलेली जागा. अकरा वर्षं ती दर बुधवारी घर साफ करायला येते, मग कधी हलला नाही. आज कागदी पेल्यात चहा दिला. गेल्या आठवड्यात लेक, इरावती, येऊन गेली, पण ती कशाला नेईल?

१० ऑक्टोबर
इराचा कार्डिफहून फोन. तिच्या युनिव्हर्सिटीतले विद्यार्थी दर शनिवारी चर्चच्या हॉलात गरजूंना जेवण वाढतात, नंतर गोलात बसून ‘सर्कल’. वर्ण, लिंग, वर्ग — वय वर्षे वीस! स्वतःची चादर धुता येत नाही, समाज धुणार.
“आई, तू पण ये. घरातला एक वस्तू आण, ज्यात क्लास दिसतो.”
घरातला वस्तू! मी संस्कृतात एम.ए., आणि माझ्या पोटी हे.
“दिवाळीला येशील ना?”
“सर्कलनंतर सांगते.”
आता सणालाही अटी.

१२ ऑक्टोबर
कार्डिफला गेले, चर्चच्या हॉलात. डाळ पाणचट. परीक्षित नावाचा सर्जनपुत्र म्हणाला, “माझ्या प्रिव्हिलेजने मी अनकम्फर्टेबल होतो.” गरजूंच्या रांगेत तिसऱ्यांदा वाढून घेताना दिसला नाही तसा.
मी आजीचं तांब्याचं ताम्हन नेलं होतं. सर्व माणसं समान, अशा अर्थाचं सुभाषित म्हटलं, अर्थ सांगितला. टाळ्या.
नंतर इराने पिशवीतून निळा मग काढला.
“हा आमच्या क्लीनरचा. सिंकखाली असतो. आमचे कप वर कपाटात.”
माझ्याकडे बघितलं नाही. टाळ्याही नाहीत.
“हायजीन,” मी म्हणाले.
“प्लंबरला कुठला कप देतेस, आई?”
प्लंबर डेव्ह. मार्लीनसारखा काळा नाही, गोरा. त्याला पाहुण्यांचा.

१३ ऑक्टोबर
घरची धुणी परगावी वाळत घालणं — याला म्हणे समाजसेवा! निळा मग माझ्याच पर्समध्ये निघाला, इराने गुपचूप ठेवलेला. दिवाळीचं काही बोलली नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार
मार्लीनला पाहुण्यांच्या कपात चहा दिला. तिने तो बाजूला सारला, पिशवीतून थर्मास काढला.
“नको, लव्ह. मी माझा आणते.”
“कधीपासून?”
“दुसऱ्याच आठवड्यापासून.”
“पण तुझा मग तर रिकामा असायचा.”
तिने हनुवटीनेच सिंकच्या भोकाकडे दाखवलं.
इराला फोन लावला. दिवाळीचं विचारलं नाही. मार्लीनचं एवढंच सांगितलं.