लहरी म्हणजे

प्रिय प्रणित,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच, मध्येच ठेवू नकोस.

गणपती झाल्यावर बाबा होडी घेऊन समुद्राकडे निघाले होते. तुला तेव्हा कळवलं नाही, आई नको म्हणाली. वादळाचा इशारा होता, भाईंदरच्या धक्क्यावर सगळ्या होड्या बांधलेल्या. त्याआधी कित्येक रात्री बाबा झोपलेच नव्हते. नुसते बोलत होते, हसत होते. तुळशीरामकाका आडवे आले तर त्यांना ढकलून ओरडले, "आज पापलेट माझीच वाट बघतंय!" काका दुसरी होडी घेऊन मागे गेले. खाडी इतकी उसळत होती की दोन्ही होड्या दिसेनाशा झाल्या. आई माझं मनगट घट्ट धरून उभी होती. काकांनी त्यांना परत आणलं तेव्हा बाबा चिंब भिजलेले, तरी हसत होते. आणि दुसऱ्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून पडले. पाणीसुद्धा नको.

तुला हे नवीन नाही. एकदम उठून अख्ख्या आळीला जेवायला बोलावणारे आणि मग महिनाभर आपल्याशी न बोलणारे बाबा तूही पाहिलेस. सगळे म्हणायचे, काशीनाथ लहरी आहे. आपणही तेच म्हणत मोठे झालो.

भाईंदर पूर्वेला डॉक्टर हिनांकडे त्यांना नेलं. बाबांचं एकच, "मला काय झालेलं न्हाय. मी बरा हाय." मी म्हटलं, ते पहिल्यापासून लहरी आहेत. डॉक्टरांनी विचारलं, "लहरी मतलब?" शाळेत मराठी शिकवते मी, तरी अडखळले. म्हटलं, लहर म्हणजे लाट, मूळ संस्कृतातला शब्द. ज्याचं मन लाटेसारखं चढतं-उतरतं तो लहरी. अंगात विष चढतं तेव्हाही त्याच्या लहरी येतात असं म्हणतात. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तो फिर स्वभाव कैसे हुआ? लहर कब आती है, कितनी टिकती है, बाद में क्या होता है, बताओ." आम्ही सांगत गेलो आणि सांगता सांगता आई रडायला लागली. हा आजार आहे, प्रणित. त्याला औषध आहे. बाबांनी आधी गोळ्या खिडकीतून फेकल्या. आता घेतात. औषधाने हात थोडे थरथरतात, पण रात्री शांत झोपतात.

काल सुरुचीने फोन केला. तुला ऐकू जाऊ नये म्हणून बाथरूमचा नळ सोडून बोलत होती. तू एका झटक्यात नोकरी सोडलीस, रात्र-रात्र जागून कंपनी काढायचे बेत केलेस आणि आता खोलीला आतून कडी लावून बसलायस. "मी बाबांसारखाच लहरी आहे, नाद सोड," म्हणालास स्वतःच्या बायकोला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा आजार कधीकधी घराण्यात उतरतो. माझा रात्रभर डोळा लागला नाही. हे पत्र मी पुण्यात, तुझ्याच हॉलमध्ये बसून लिहितेय. आता दाराखालून आत सरकवेन. बाबाही आलेत. मी नको म्हटलं तरी ऐकलं नाही. तुझ्या दाराला पाठ टेकून बसलेत आणि म्हणतायत, "त्याला लिव, मी हितंच हाय." कडी काढ, बाळा.

तुझीच,
दिशाताई