एबीएस हवं की नको

३ जानेवारी, शनिवार
ठरलं. क्रूझर घ्यायची. लांबलचक, बुटकी, दोनशे किलोंच्या वरची, पाय पुढे पसरून बसायची मोटारसायकल. काळी. रंगावर चर्चा नाही.
आमची ही लेकीच्या बाळंतपणापुरती म्हणून गेली होती. बाळ आता आधाराशिवाय बसतं आणि ही तिकडून उठायचं नाव काढत नाही. लेक म्हणते, बाबा, तुम्हीही या, कायमचेच या, एक खोली रिकामीच आहे. पिशवी हातात धरून बसमधून उतरायचं आणि जावयाच्या दारात उभं राहायचं? आपल्याच्यानं होणार नाही. क्रूझरवरून जायचं. दारात इंजिन लगेच बंद करायचं नाही. बाहेर येऊन बघू देत. मग हिला मागे बसवून घरी.
प्रश्न एकच. गाडी एबीएसवाली घ्यावी की बिनएबीएसची? सलूनमधल्या मासिकात दोन्ही प्रकार दिलेत. न्हाव्याला विचारून मासिक घरी आणलं. मुखपृष्ठ फाटलंय, मजकूर शाबूत आहे. एबीएस म्हणजे ब्रेक कचकन दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था. धरते, सोडते, धरते, सोडते. गाडी घसरत नाही.
मी ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर. माझ्या बाजूला वेगळा ब्रेक असतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर पाय ठेवून बसलोय. आता मला यंत्र शिकवणार, कधी धरायचं आणि कधी सोडायचं? तरी घाई नको. अभ्यास करून निर्णय.

४ जानेवारी
हिला फोन. सहज विचारलं, एबीएस घ्यावं का? ही घाबरलीच. म्हणाली, का हो, पोट पुन्हा दुखतंय? उपाशीपोटी द्यायची असते का ती टेस्ट? खुलासा करणार, तेवढ्यात बाळ रडलं. म्हणाली, थांबा, नंतर करते.
फोन चार्जिंगला लावून जवळच ठेवलाय.

५ जानेवारी
तिकडे रेंजचा प्रॉब्लेम असतो.

१० जानेवारी, शनिवार
शोरूमला गेलो. सेल्सच्या बाई हुशार. पन्नाशीच्या, केसांना मेंदी, चष्मा दोरीला लटकवलेला. कॉफी दिली. मी विषय मांडला. एबीएसच्या विरुद्ध तीन मुद्दे: बिघडणारी एक वस्तू वाढते, खडीवर गाडी थांबायला जास्त अंतर घेते, आणि चालवणाऱ्याचा पाय आळशी होतो. बाईंनी नीट ऐकलं. मग विचारलं, सर, गाडीवरून कुठे जाणार? सगळं सांगितलं. तासभर गेला असेल.
निघताना म्हणाल्या, असे निर्णय सावकाशच घ्यावेत. पुढच्या शनिवारी या.
गिऱ्हाईक ओळखतात.

१७ जानेवारी, शनिवार
आज बाई एबीएसच्या बाजूनं बोलल्या, मी विरुद्ध. चुरशीची चर्चा. मध्ये एक जोडपं स्कूटर बघायला आलं, बाईंनी त्यांना दुसऱ्या माणसाकडे धाडलं. यावरून आपल्या केसचं महत्त्व लक्षात येतं.
संकल्प: रोज सकाळी बैठका. क्रूझर उचलायला मांड्या हव्यात.

१८ जानेवारी
बैठका तीन. गुडघा बोलतोय. उद्यापासून नियमित.

२२ जानेवारी
प्रयोग केला. आमच्या स्कूलची कार जुनी, तिला एबीएस नाही. रोपवाटिकेसमोर कुणीतरी पाणी मारून रस्ता ओला केलेला. आयतीच संधी. बँकेतल्या बाई गाडी शिकत होत्या. त्यांना सांगितलं असतं तर प्रयोगात शुद्धता राहिली नसती. माझ्या बाजूचा ब्रेक पूर्ण दाबला.
गाडी तिरकी होऊन रोपवाटिकेत. कुंड्या फुटल्या. बँकेतल्या बाई उतरल्या आणि चालत घरी गेल्या. स्कूलचे मालक म्हणाले, मास्तर, थोडे दिवस आराम करा. मी बोलावलं की या.
मला हवीच होती रजा. अभ्यासाला वेळ पुरत नव्हता.

२४ जानेवारी, शनिवार
बाईंना प्रयोगाचा निष्कर्ष सांगितला. ओल्या रस्त्यावर एबीएसच्या बाजूला वजन आहे, कबूल. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्हाला लागलं नाही ना? हा प्रश्न अजून कुणी विचारला नव्हता. तांत्रिकदृष्ट्या गैरलागू आहे, पण नोंद करून ठेवतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार
टेस्ट राइड. म्हणजे होणार होती. गाडीवर बसलो. आरशात बघितलं, बरा दिसत होतो. स्टँड काढला. गाडी सावकाश, अगदी अदबीनं डावीकडे कलली आणि मला घेऊन आडवी झाली. गिअर टाकायचा राहिलाच. दोघा वॉचमननी उचललं, आधी गाडी, मग मला. बाईंनी घोट्याला बर्फ लावला. विचारलं, घरी कुणी आहे का बघायला? म्हटलं, आहेत की सगळे. सध्या बाहेरगावी.
निष्कर्ष: उभ्या गाडीला एबीएसचा काडीचा उपयोग नाही. बिनएबीएसच्या पक्षाला एक गुण.

१५ फेब्रुवारी
हिला सांगितलं, पाय मुरगळलाय. कसा ते नाही सांगितलं. मनात आलं, ही म्हणेल उद्याच निघते. म्हणाली, मिठाच्या पाण्यात शेका. आणि जेवणाचं काय करताय? म्हटलं, शेजारचे देतात आणून.
शेजारचे खरंच चांगले आहेत. जिन्यात भेटले की हसतात.

१४ मार्च, शनिवार
पाय बरा. मालकांचा फोन अजून नाही. शोरूमला गेलो तर बाई नाहीत. दुसऱ्या शाखेत बदली. त्यांच्या खुर्चीवर एक दाढीवाला. म्हणाला, बोला काका. म्हटलं, एबीएसच्या प्रश्नावर आमची चर्चा अर्धवट राहिलीय. तो म्हणाला, कसली चर्चा? बिनएबीएसचं मॉडेल बंद होऊन वर्षं झाली. आता सगळ्या क्रूझरना एबीएस असतंच. चॉइसच नाही.
म्हणजे बाईंना हे माहीत नव्हतं! इतके शनिवार दोन्ही बाजूंनी हिरिरीनं बोलायच्या. एकदा तर स्वतःच बिनएबीएसची बाजू घेतली होती. विकणाऱ्या माणसाला आपला माल माहीत नसावा? तक्रारच करणार होतो. मग म्हटलं, उगाच बोलणी खातील बिचाऱ्या.
दाढीवाल्यानं विचारलं, बुक करू का? म्हटलं, विचार करतो. म्हणाला, त्यात विचार कसला?
कॉफी विचारली नाही.

२८ मार्च
ही येतेय! स्वतःहून फोन. दोन आठवड्यांनी येते म्हणाली. मला माहीतच होतं. गाडी न घेताच काम झालं. उद्यापासून घर आवरायचं.

९ एप्रिल
ही आली. आल्या आल्या खिडक्या उघडल्या, मग फ्रिज. तोच घासायला बसली. घरात आवाज झाला की किती मोठं वाटतं हे घर.

१० एप्रिल
शिवणयंत्र न्यायला आलीय. लेकीच्या बिल्डिंगमध्ये बायका ब्लाउज शिवायला देतायत. हातात काम असलं की बरं वाटतं, म्हणाली.
जेवताना म्हणाली, तुम्हीही चला. दोन कपडे टाका पिशवीत. मी म्हटलं, शनिवारी काम आहे. कसलं काम? म्हटलं, एक निर्णय घ्यायचाय. हिनं माझ्याकडे बघितलं. मग ताटं उचलली.

११ एप्रिल, शनिवार
यंत्र मीच उचलून स्टँडवर नेलं. बरंच जड आहे. बसच्या डिकीत आडवं बसलं. क्रूझरवर हे गेलंच नसतं, तेव्हा घाई केली नाही तेच शहाणपणाचं ठरलं. ही खिडकीतून म्हणाली, फ्रिजमध्ये भाजी आहे, ती आधी संपवा.
काम नंतर करता येईल. शोरूम संध्याकाळपर्यंत उघडी असते.

१८ एप्रिल, शनिवार
काम नव्हतं.
शोरूमवरून चालत गेलो. आत काही विचारायला उरलं नव्हतं. पुढच्या चौकातून परत फिरलो.
हिला फोन लावला. मागे यंत्र चालू होतं. विचारलं, मी येऊ का? ही म्हणाली, काय? यंत्राच्या आवाजात ऐकू नाही आलं, पुन्हा सांगा.
म्हटलं, काही नाही. भाजी छान झाली होती.