पिशवीची ओळ

मी, खाली सही करणार डॉ. सदाशिव विष्णू खांबेटे, वय ७६, निवृत्त शल्यचिकित्सक, राहणार चिखली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. यकृत नाही. दोनेक महिने उरले आहेत, असे माझ्याच एका विद्यार्थ्याने मान खाली घालून सांगितले. कोणाचा दबाव नाही; दबाव आणायला घरात कोणी उरलेलेही नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत एक गोष्ट लिहायची मी टाळली होती.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी मुलगी सुखदा हिला. ती फ्लॅट विकणार, हे मला माहीत आहे. खुशाल विकावा, पण सोसायटीच्या अध्यक्षांच्या मेहुण्याला विकू नये. त्याने सहा वर्षे माझ्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि वर मलाच शहाणपण शिकवले.

२. शस्त्रक्रियेची बारीक हत्यारे आणि भिंगांचा चष्मा एखाद्या सरकारी रुग्णालयाला द्यावा. त्या चष्म्यातून मी केसाएवढ्या शिरा शिवल्या. त्या कामात मी चांगला होतो, एवढे इथे लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचे आहे त्यानंतर ते कोणी म्हणणार नाही.

३. लोरेन्झ ब्राख्टमान या जर्मन सर्जनचे मी लिहिलेले चरित्र, हस्तलिखित, पाने ४१२, हेही सुखदाला. एका प्रकाशकाने पाच वर्षे ठेवून घेतले आणि 'हे मराठीत कोण वाचणार?' म्हणून परत केले. त्यांना मी क्षमा केलेली नाही. सुखदा म्हणते, 'बाबा, मी जपून ठेवीन.' म्हणजे माळ्यावर.

हा ब्राख्टमान न्हाव्याचा मुलगा. वस्तरा चालवता चालवता सर्जन झाला. १८७०च्या लढाईत त्याने तंबूत सैनिकांचे पाय कापले आणि पुढे एका लहान शहराच्या इस्पितळाचा प्रमुख झाला. औषधी पाण्याने हात धुणे त्याला थेर वाटे. पाच वर्षांनी नाइलाजाने धुऊ लागला, तर वॉर्डातले मृत्यू निम्म्यावर आले. तेव्हा त्याने, त्या पाच वर्षांत आपल्या हातून दगावलेल्या एकतीस रोग्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि खाली लिहिले, 'यांना मी मारले.' पद गेले, बायको माहेरी निघून गेली, शेवटी बहिणीच्या घरी मेला. ते प्रकरण मी चार वेळा नव्याने लिहिले आणि दर वेळी रडलो. रडून झाले की दवाखान्यात जाऊन तोंड मिटून बसायचो.

४. आता ती गोष्ट. २००६ साली इथल्या प्रेस-शॉपमधून, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यांतून, वर्षाला तीन-चार तुटलेली बोटे माझ्याकडे येत. कोणी खिशात घालून आणी, कोणी हळद लावून. म्हणून मी स्वखर्चाने दोनशे पत्रके छापली आणि स्वतः शॉपमध्ये फिरून यंत्रांशेजारी चिकटवली. मी लिहून दिलेला मजकूर असा होता: बोट ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, ती पिशवी बर्फात ठेवा आणि ताबडतोब आणा. छापणारा म्हणाला, 'डॉक्टर, एक ओळ जास्त होतेय. नाव बारीक करू का?' मी म्हणालो, 'नाव राहू दे. कापड-पिशवीची ओळ काढ. तेवढं लोकांना कळतं.' छापले गेले ते एवढेच: बोट बर्फात ठेवा आणि ताबडतोब आणा.

लोकांना कळत नव्हते. कळत असते तर पत्रक कशाला लागले असते? बोटे थेट बर्फात बुडून येऊ लागली, पांढरी, फुगलेली, मेलेली. थेट बर्फ लागला की पेशी मरतात आणि बोट जोडता येत नाही. तिसऱ्या बोटाला मला उमजले. पण पत्रक बदलायचे तर का बदलले ते सांगावे लागले असते. अशी अकरा बोटे मी वाया घालवली आणि प्रत्येकाला सांगितले, 'यंत्रानं चिरडलं होतं, कोणालाच जोडता आलं नसतं.'

त्यांतली दोन बुद्धरत्न ओव्हाळ याची. २००७ साली तो रसवंतीवरचा बर्फ भरलेल्या जेवणाच्या डब्यात ती घेऊन आला. उजव्या हाताची होती. काप स्वच्छ होता. आज तो चाकणला सुपरवायझर आहे. गेले वर्षभर मला तपासण्यांना तोच नेतो, जिना चढताना त्या तीन बोटांच्या हाताने दंड धरतो आणि लोकांना सांगतो की डॉक्टरांनी माझा हात वाचवला. ते ऐकताना मला जगणे नकोसे होते.

५. दवाखान्याचा गाळा बुद्धरत्नला. या मृत्युपत्राचा व्यवस्थापकही तोच. माझ्या मृत्यूनंतर त्याने कलम ४ वर्तमानपत्रात छापावे.

सहीपूर्वीची भर: व्यवस्थापकाला कलमे माहीत हवीत, म्हणून काल बुद्धरत्नला बोलावून कागद वाचायला दिला. तो सावकाश वाचत गेला. कलम ४ त्याने दोनदा वाचले. मला वाटले, शिव्या देईल. मी त्याची वाटच पाहत होतो.

तो म्हणाला, "माझं जाऊ द्या. पर २०११ला आमच्या प्रितमचा अंगठा तुटला, तवा शॉपात मीच व्हतो."

प्रितम त्याचा धाकटा भाऊ. तोही माझ्याकडेच आला होता. अकरा बोटांतला त्याचा अंगठा नववा.

"तो म्हनत व्हता, दादा, रुमालात बांध. मी म्हनलो, गप, डॉक्टरांचा कागद हाय भितीवर. मीच त्यो अंगठा बर्फात दाबला. तवापासून हाताला काम न्हाई त्याच्या. घरी बसून असतो. मी त्याला म्हनायचो, नशीब तुजं."

त्याने कागद घडी घालून परत दिला.

"गाळा नको मला. छापायचं तुमचं तुमी बघा. तुमी तर मोकळं झालात. आता मी प्रितमला सांगू का न्हाई, तेवढं सांगून ठेवा."

ब्राख्टमानची यादी ज्यांनी वाचली त्यांच्या घरी पुढे काय झाले, याबद्दल माझ्या ४१२ पानांत एक अक्षर नाही. मला ते विचारायचेही सुचले नव्हते. बुद्धरत्न चपला घालून निघून गेला.

म्हणून कलम ५ मधील त्याचे नाव खोडले आहे. गाळा व व्यवस्थापन सुखदाकडे. कलम ४ छापण्याबाबतची सूचना तूर्त कोरी ठेवत आहे. ती भरण्याचा अधिकार फक्त प्रितम ओव्हाळ याला आहे, आणि त्याला हे कोणी सांगायचे, हे मला ठरवता आलेले नाही.

वरील सर्व मजकूर माझा, खाडाखोडीसकट.

(सही) सदाशिव विष्णू खांबेटे

आम्हां दोघांसमक्ष सही झाली. सही करताना ते दोनदा थांबले.
साक्षीदार १: विजयश्री मोकाशी, शेजारी
साक्षीदार २: आबाजी तापकीर, दवाखान्यातील माजी कंपाउंडर

चिखली, दि. १९ ऑगस्ट २०२५