मिशनच्या वसतिगृहातील फादरचे नाव

मी, तेजराम गोमाजी सेलोकर, वय ६३, धंदा धानशेती, राहणार आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या दाबाखाली न येता हे स्वहस्ते लिहितो. स्वहस्ते अशासाठी, की अर्जनवीस म्हणाला, "काका, फादरचं नाव काहून टाकता? मी नाही लिहीत." नको लिहू. मले लिहिता येते.

१. घर व नहराकडील दोन एकर धानाच्या बांध्या पत्नी सुलोचनाबाई हिला, तिच्या पश्चात मुलगा भोजराज यास.

२. भाऊ डोमा यास माझ्या घरची काडीही मिळू नये. १९७१ साली भोजराज अकरा वर्षांचा, मिशनच्या वसतिगृहात शिकत होता. दिवाळीला घरी आला तो परत जायला तयार होईना. त्याने आईला सांगितले, फादर लॉरेन्स खोलीत बोलावून अंगाशी घाणेरडे चाळे करतो. डोमा त्या वसतिगृहाला तांदूळ पुरवायचा. म्हणाला, "पोट्टं अभ्यासाले भेते, म्हणून बनवून सांगून राहिलं." मी डोमाचे ऐकले. हा गुन्हा माझा.

३. आमच्यात नव्या धानाचे पहिले तांदूळ देवापुढे ठेवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. त्या साली मी ते तांदूळ फादरकडे नेले. भोजराजला त्याच्या पायांवर डोके ठेवून माफी मागायला लावली. पोराने मागितली. वर आणखी दीड वर्ष त्याला तिथेच ठेवले. थू माझ्या जिंदगानीवर! माझ्या पिंडाला घरचे तांदूळ वापरू नयेत, विकत आणावेत.

४. १९७९ साली भोजराजने पुन्हा तोंड उघडले, तेव्हा मी त्याच्या मागे उभा राहिलो. ठाण्यात अर्ज घेतला नाही. मिशनच्या मोठ्या साहेबांनी लिहिले, फादरची बदली झाली आहे, मुलासाठी प्रार्थना करू. बदली! म्हणजे दुसऱ्या गावची लेकरं त्याच्या हवाली! पेपरवाल्याने कागद ठेवून घेतला, छापला नाही. माझे भांडण येशूशी नाही. या झाकपाक करणाऱ्यांशी आहे.

५. वकील सांगतो, नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल माणूस मेल्यावर कोणालाही मागता येते. म्हणून हा कागद. भोजराजला विचारले, तुझे नाव येऊ देऊ का? म्हणाला, "लिहा बाबा. त्याचं बी लिहा, माझं बी." बैलजोडी विकून भोजराजने नकला काढाव्यात आणि मिशनचे वसतिगृह आहे त्या प्रत्येक गावी चावडीवर वाचाव्यात. कोणी हात धरला तर हा कागद पुढे करावा.

स्थळ आंधळगाव, तारीख ९ जानेवारी १९८४.
सही : तेजराम गोमाजी सेलोकर

साक्षीदार १ : कृष्णराव बांते, निवृत्त गुरुजी, आंधळगाव. सही.

साक्षीदार २ : खुशाल मारोती हटवार, शिंपी, आंधळगाव. सही. मला सहीपुरते बोलावले होते. मी पूर्ण वाचले. १९७२ साली मीही त्याच वसतिगृहात होतो. भोजराज खरे बोलला. माझ्या घरी हे अजून कोणालाच माहीत नाही. तरी माझे नाव खोडू नये.