वाल्मीकने फिरवलेली पाचर

इंदिरानगर, नाशिक
१२ सप्टेंबर १९९९

चि. ज्ञानेश,

आशीर्वाद. तुझी पाठ आता कशी आहे? आम्ही सगळे ठीक. पाठीची चौकशी अशासाठी, की मे महिन्यात आमच्या जीपखाली झोपून तू ती चार इंच उंच केलीस. हेतू चांगला होता. पेठकडच्या दगडांवर आता तिचं पोट घासत नाही. मात्र चाळीसच्या पुढे ती अशी थरथरायची, की माझा चष्मा नाकावरून पदरात यायचा. ("ताई, होईल सवय," असं तू फोनवर म्हणालास. पुण्याच्या कारखान्यातल्या इंजिनिअरने असं बोलू नये.) दोन शनिवार मला पाड्यावर जाता आलं नाही. तिथल्या नऊ मुली मार्चमध्ये दहावीला बसणार आहेत आणि त्यांना गणित शिकवायला माझ्याशिवाय कोणी नाही.

शेवटी दिंडोरी रोडवर वाल्मीकच्या गॅरेजात गेले. त्याने खाली एकदाच डोकावून पाहिलं. "मॅडम, साहेबांनी गाडी उचलली, पण शाफ्टाला विचारलंच नाय." शाफ्ट म्हणजे इंजिनाच्या जोरावर मागची चाकं फिरवणारा तो लांब दांडा; त्याच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, नाहीतर तो फिरताना झटके देतो. वाल्मीकने ओळंबा सोडला, कंपासपेटीतला कोनमापक लावला आणि (मी बी.एस्सी. गणित, तरीही) माझ्याआधी तोंडी उत्तर काढलं: सहा अंशांचा फरक. उपाय म्हणजे स्प्रिंग आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर, दोन्ही बाजूंना एकेक.

मला राहवलं नाही. मी आकृती काढून दिली, जाड बाजू डावीकडे. त्याने तशी बसवली. म्हसरूळपर्यंत जाईतो बाजूचा आरसा गळून पडला. माझ्या आकृतीत जीपचं तोंड डावीकडे होतं. वाल्मीक कामाला बसतो ड्रायव्हरच्या बाजूला, तिथून ते उजवीकडे दिसतं. पुढची बाजू कुठली, हे मी लिहिलंच नव्हतं. (आकृतीला नावं न देणाऱ्यांचे गुण मी तीस वर्षं कापले.)

"तुला शंका आली नाही?"

"आली ना. पण मॅडमचा कागद! म्हटलं, गाडीच सांगंल."

त्याने पाचरी फिरवल्या. काल पेठ रस्त्यावर साठचा वेग, आणि मांडीवरचं ताक सांडलं नाही. खात्री करायला तोही सोबत आला होता. मुलींना जीपखाली आडवं करून त्याने समांतर रेषा आणि त्यांचे कोन दाखवले. जे मी जुलैपासून सांगते आहे, ते त्यांना वीस मिनिटांत कळलं. मी शेजारी बसून डबा खाल्ला. इतका चांगला तास मी स्वतः फार थोड्या वेळा घेतला असेल.

तुझी,
आशाताई

ता. क. वाल्मीकने नववीत शाळा सोडली. मी त्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. मार्चमध्ये तोही दहावीला बसेल. गणिताची काळजी नाही. इंग्रजी तू शिकवायचंस, दर रविवारी. पुण्याहून पहाटे बस आहे, मी चौकशी केली आहे.

पुन्हा ता. क. तुझं नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "गाडी उचलली तेच साहेब ना? येऊ द्या. आधी माझं इंग्रजी, मग त्यांचे कोन." जुने कपडे घेऊन ये.