पटावर होती, चाचणीला नव्हती

बाई, मी आता राहुरीकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. सातवीपर्यंत वर्ग आहेत. मी सहावीला शिकवतो, आणि मुख्याध्यापकांची जागा रिकामी असल्यामुळे तो पदभारही माझ्याकडेच आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की शाळा आता कशी दिसते ते आधी सांगायला हवं. तुमच्या वर्गात सगळ्या गावाची मुलं होती. बागायतदाराचा मुलगा, बांगडीवाल्याची मुलगी आणि माझ्यासारखे अधूनमधून येऊन पडलेले, सगळे एकाच बसकरपट्टीवर. आता सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते आणि ज्यांना परवडतं त्यांची मुलं घेऊन जाते. उरलेली आमची. शेतमजुरांची, वीटभट्टीवरची, मशिदीमागच्या गल्लीतली, आणि कारखाना सुरू झाला की ऊसतोडीला आलेल्यांची. मुलं चांगली आहेत. फक्त कागदावर ती तशी दिसत नाहीत.

मीही कागदावर चांगला दिसत नव्हतो. वडील विहिरी खोदायच्या कामावर. एका गावाला पाणी लागलं की आम्ही दुसऱ्या गावाला. तुमच्या सहावीत मी आलो तेव्हा अक्षराला अक्षर जोडून वाचत होतो. तपासणीला साहेब येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला बाजूला घेतलं. "उद्या घरी थांबलास तरी चालेल," म्हणालात. मला तर सुट्टीच मिळाली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही आमच्या पालावर आलात. आई भाकरी थापत होती. तुम्ही दगडावर बसलात आणि म्हणालात, "याला मी घरी थांब म्हणाले. माझं चुकलं." आई हसायला लागली. "अवो बाई, त्यात काय! त्याला कुटं काय येतंय?" तुम्ही म्हणालात, "म्हणूनच चुकलं."

त्यानंतर रोज संध्याकाळी मी तुमच्या स्वयंपाकघरात. तुम्ही भाजी चिरताय, आणि किराणा ज्या कागदात बांधून आला तो कागद मी मोठ्याने वाचतोय. कांद्याचे भाव, हरवलेल्या म्हशीची जाहिरात. कागद मध्येच फाटलेला असतो. मी विचारतो, "बाई, म्हैस सापडली का?" तुम्ही म्हणता, "ते दुसऱ्या कुणाच्या तरी डाळीबरोबर गेलं." ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तुम्ही गेलात तेव्हा मी डी.एड.ला होतो. कळलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता.

आता माझं सांगतो. यंदा सहावीत ऊसतोडीच्या घरातली एक मुलगी आहे. आईवडील पहाटेच उसाच्या फडात जातात, ही धाकट्या भावाला बघते आणि जमेल तेव्हा शाळेत येते. चाचणी जवळ आली तेव्हा आमच्या पाचवीच्या मॅडम म्हणाल्या, "सर, ती बसली तर तुमची सरासरी गेलीच. आणि कोयत्याची पोरं, चार महिन्यांची पाहुणी. कारखाना बंद झाला की चालली." गैरहजर मुलाचे गुण सरासरीत धरत नाहीत. मी त्या मुलीला म्हणालो, "उद्या भावाला सांभाळायचं असेल तर थांब घरी." ती म्हणाली, "खरंच, सर?" आणि पळाली. मी तिच्या नावापुढे गैरहजर भरलं. केंद्रप्रमुखांचा फोन आला, "सर, तुमची सहावी सगळ्यांत वर आहे. पुढच्या शिक्षण परिषदेत तुम्हीच बोला." मी हो म्हणालो.

त्याच दिवशी पटाची माहिती भरायची होती. कोण कुठल्या प्रवर्गातलं, मुली किती, अल्पसंख्याक किती, स्थलांतरित किती. पटावर शिक्षकांची पदं ठरतात, त्यामुळे एकही नाव सुटू नये म्हणून मी दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजताना तिच्या नावावर बोट थांबलं. पटाला ती हवी होती आणि चाचणीला नको होती.

भरलेले गुण बदलायची मुदत अजून दोन दिवस होती. शाळा सुटल्यावर ऊसतोडीवाल्यांच्या कोप्यांवर गेलो. तिची आई मोळी सोडत होती. तुम्ही बोललात तसंच बोलायचं असं वाटेत ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "चाचणीची तारीख वाढलीये. उद्या पाठवा तिला." आई म्हणाली, "तुमीच म्हनला न्हवं का येऊ नको म्हून? पक्कं काय ते सांगा, सर. तिच्या भावाला मंग फडात न्यावं लागंल." मी म्हणालो, "पक्कं."

ती आली. एकटीच बसून पेपर सोडवला. मराठीत प्रश्न होता, तुमच्या गावाचे वर्णन करा. तिने हात वर केला, "सर, कोनतं गाव लिहू?" मी म्हणालो, "तुला वाटेल ते." तिने वर्णन लिहिलं नाही. ऊसतोडीला जिथे जिथे राहिली त्या गावांची नावं एकाखाली एक लिहिली. अक्षर नीट होतं. नमुना उत्तरात नावांना गुण नव्हते. मी शून्य दिलं. बाकीचे गुणही कमीच होते. भरले. सरासरी खाली आली, परिषदेत आता दुसऱ्या शाळेचे सर बोलणार आहेत.

काल मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पोरांनीच कुणीतरी सांगितलं असणार. "सर, माझ्यामुळं शाळंचं कमी झालं का?"

"नाही गं," मी म्हणालो. "जा, खिचडी खाऊन घे."

ती जरा वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली, मग गेली. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहितो, बाई. कमी झालं होतं, आणि मला ते लागलं होतं. तिनं ते माझ्या तोंडावर वाचलं असेल, असं मला वाटतं.